मुक्तिनाथला जाताना पोखरा-जोमसोम छोटं विमान घ्यावं का? (आणि २०२२ च्या अपघाताबद्दल)

गवतीचहा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आईला (वय ७१, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत) नेपाळात मुक्तिनाथला जायचंय. आमच्या देवघरात पणजीच्या वेळचा शाळिग्राम आहे, रोज त्याला आंघोळ घालताना तिच्या मनात येतं की हा जिथून आला ती गंडकी एकदा डोळ्यांनी बघावी. बाबा असताना दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. आता मी आणि भाऊ मिळून नेतोय.

प्रश्न असा की पोखऱ्याहून जोमसोमला विमानाने जायचं की जीपने. एजंट म्हणतो, "ताई, वीस मिनिटांचा खेळ आहे, जीपने आख्खा दिवस हाडं खिळखिळी होतील." भाऊ म्हणतो विमान, आईचे गुडघे बघ. आणि मी अडकलेय कारण मला २०२२ आठवतं. आम्ही ठाण्याचे. २९ मे, रविवार होता, दुपारी जेवून आडवी झाले होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले, नेपाळमध्ये पोखरा-जोमसोम विमान बेपत्ता, आपल्या ठाण्याचे चार जण आहेत. ओळखीचे नव्हते, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन हातातून खाली ठेवला नाही. बेपत्ता म्हणजे काहीतरी आशा असते ना. दुसऱ्या दिवशी ते डोंगरावरचे फोटो आले.

तर मला नुसतं "काही होत नाही हो" किंवा "देवाच्या दारी जाताय, घाबरू नका" असलं नकोय. नेमकं काय झालं होतं आणि आता तिथे काय वेगळं आहे ते कोणी नीट सांगेल का?

---

झेंडूबाम

काही होत नाही हो. देवाच्या दारी जाताय.

(पळतोय)

---

वाटसरू७२

मी दोनदा गेलोय, २०१४ ला विमानाने आणि २०१९ ला जीपने, म्हणून लिहितो. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

विमान म्हणजे ट्विन ऑटर, १९ सीटची. आत शिरताना वाकावं लागतं आणि बसलं की पायलटच्या खांद्यावरून पुढची काच दिसते, मधे दार वगैरे काही बंद नव्हतं. हवाई सुंदरी येते, एक गोळी आणि कानात घालायला कापूस देते. गोळी चघळून संपायच्या आत खाली घोरेपानीची घरं दिसतात. मग विमान खिंडीतून पलीकडे जातं आणि कालीगंडकीच्या दरीत शिरतं. एका बाजूला अन्नपूर्णा, ८०९१ मीटर, दुसरीकडे धौलागिरी, ८१६७ मीटर, आणि मधे आपण, म्हणजे मान वर करून डोंगर बघायचा. विमानातून मान वर करून!! मी खिडकीला नाक लावून बसलो होतो आणि शेजारचे सातारचे काका डोळे मिटून विष्णुसहस्रनाम म्हणत होते, दोघांचंही बरोबर होतं असं आता वाटतं.

आमचं विमान पहिल्या दिवशी उडालंच नव्हतं. पहाटे साडेपाचला विमानतळावर नेऊन बसवलं, सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. जोमसोमला ढग आहेत, थांबा. तोवर लोक चिडायला लागले. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ (रिटायर्ड ब्यांक मॅनेजर, आवाज मोठा) काउंटरवर जाऊन भांडत होते की पोखऱ्यात तर लख्ख ऊन पडलंय, मग अडचण काय आहे? पोखरा आठशे-साडेआठशे मीटरवर, जोमसोम सत्तावीसशेच्या वर, मधे डोंगर, पण हे त्यांना कोण सांगणार. खरं सांगायचं तर मीही मनातून त्यांच्याच बाजूने होतो. साडेदहाला फ्लाइट रद्द झाली तेव्हा सगळ्यांनी एजंटला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला उडालो, आरशासारखं आकाश.

२०२२ ची बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते हे ब्यांक मॅनेजर. ते विमानही त्या सकाळी हवामानाची वाट बघत थांबलेलं होतं आणि ९:५५ ला उडालं.

---

कोपऱ्यातलं_टेबल

ते विमान ४० वर्षांपेक्षा जुनं होतं हो. भंगार उडवतात आणि वर आपल्याकडून डॉलरमध्ये भाडं घेतात. २०१३ पासून नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना युरोपात बंदी आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. विषय संपला, जीप घ्या.

---

रिटायर्ड_सार्जंट

विषय एवढ्यात संपत नाही साहेब. :)

आधी सांगतो, मी पायलट नव्हे. हवाई दलात विमानांच्या देखभालीत वीस वर्षं काढली, त्यातली बरीच ईशान्येकडे, मालवाहू विमानांवर. त्यामुळे बोलतोय ते जमिनीवर उभं राहून आकाशाकडे बघत बसलेल्या माणसाचं बोलणं समजा.

विमान १९७९ चं होतं हे खरं. पण त्याच मार्गावर, त्याच कंपनीचं ट्विन ऑटर २४ फेब्रुवारी २०१६ ला डोंगरावर आदळलं, २३ जण गेले, आणि ते विमान नवीन जातीचं, वर्षभरही जुनं नव्हतं. मग आता काय म्हणणार? दोन्ही चौकश्यांत विमान बिघडलं म्हणून पडलं असं निघालेलं नाही. दोन्ही वेळा चालू स्थितीतलं, पायलटच्या ताब्यातलं विमान ढगात शिरलं आणि ढगाच्या मागे डोंगर होता. याला आमच्याकडे सीफिट म्हणतात. साध्या मराठीत, धडधाकट विमान आपण होऊन डोंगरात घुसवणं. वाईट वाटतं लिहिताना, पण असंच आहे. नेपाळमध्ये उडणारे म्हणतात की आमच्या ढगात दगड असतात.

आता हे होतं कसं. हा सगळा मार्ग डोळ्यांनी बघून उडायचा. व्हीएफआर म्हणतात, म्हणजे बाहेर दिसलं पाहिजे. मुंबईत पावसात विमान ढगातून सरळ खाली येतं कारण धावपट्टीवरून बीम येतो, त्याला धरून उतरतात. जोमसोमला तसलं काही नाही, दरी दिसली तर जा नाहीतर परत फिरा. आणि डोंगराच्या वरून का जात नाहीत हा पुढचा प्रश्न असतो लोकांचा. ट्विन ऑटरच्या केबिनमध्ये हवेचा दाब धरून ठेवायची सोय नसते. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांना घेऊन आठ हजार मीटरवर चढणं शक्यच नाही. दरीतूनच जावं लागतं, गल्लीतून रिक्षा काढावी तसं.

२०२२ चं बघा. जोमसोमचा विमानतळ साधारण ९ हजार फुटांवर. विमान सापडलं थासाङ गावपालिकेत सानोसवारे म्हणून जागा आहे तिथे, साडेचौदा हजार फुटांच्या आसपास, धौलागिरीच्या बाजूच्या उतारावर. म्हणजे विमानतळापेक्षा साडेपाच हजार फूट वर आणि दरीच्या मधोमध असायला हवं ते बाजूच्या भिंतीवर. अहवालात तेच म्हटलंय, बाहेर दिसत नसताना मार्गावर लक्ष राहिलं नाही आणि योग्य मार्ग धरून ठेवता आला नाही. शिवाय को-पायलटला त्या सेक्टरचा, त्यातून पावसाळी हवेतला, अनुभव कमी होता आणि दोघांत ताळमेळ नव्हता हेही त्यात आहे. २२ जण होते, तीन कर्मचारी धरून. कोणी वाचलं नाही.

आणखी एक गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. त्या विमानात जमीन जवळ आली की ओरडणारी यंत्रणा होती. टॉज म्हणतात तिला. ती त्या वेळी दाबून ठेवलेली होती, म्हणजे आवाज बंद.

---

गवतीचहा

बंद का ठेवतील पण?? हे वाचून पोटात गोळा आला.

---

रिटायर्ड_सार्जंट

कारण दरीतून उडताना दोन्ही बाजूंना डोंगरच असतो, मग ती सारखीच ओरडते. स्वच्छ हवेत, डोळ्यांसमोर डोंगर दिसत असताना "डोंगर, डोंगर" ऐकून वैताग येतो म्हणून गप्प करतात. तुमच्या नात्यात असा एक तरी माणूस असेलच जो गाडीत पट्टा न लावता नुसतं बक्कल खोचून ठेवतो, आवाज येऊ नये म्हणून. तसंच हे. फक्त ढगात शिरल्यावर ती परत चालू करायला हवी आणि नेमकं तेव्हाच माणसाच्या डोक्यात दहा इतर गोष्टी चालू असतात.

आणि २०१६ ला तर ती ओरडत होती. तरी ढगात पुन्हा पुन्हा गेले. सवय झालेली असली की भोंगा ऐकू येतो पण पोचत नाही.

---

देवगड_हापूस

सार्जंटसाहेब, प्रतिसाद खूप आवडला. एक बाळबोध शंका. ढग दिसला तर यू टर्न का मारत नाहीत? एवढी मोठी दरी आहे की.

---

रिटायर्ड_सार्जंट

बाळबोध नाही, हाच तर मुख्य मुद्दा.

कागदावर हिशोब करू. तेवढ्या उंचीवर विमानाचा खरा वेग १४० नॉट धरा, म्हणजे मिनिटाला चार किलोमीटरच्या वर. ३० अंश कलवून वळलं तर पूर्ण उलटं फिरायला पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदी लागते, आणि तीही वारा नसताना, मधे दचकायला वेळ न घालवता. दरी खाली अरुंद, वर रुंद. तुम्ही दरीच्या मधोमध असाल तर अर्धीच रुंदी हातात. म्हणून शिकवलेलं असं असतं की एका कडेने चालायचं, म्हणजे वळायला आख्खी दरी मिळते. पण एकदा पांढऱ्यात शिरलात की कडा कुठली आणि मध्य कुठला?

आणि पांढऱ्यात कान फसवतात. आतल्या कानातलं पाणी हळू वळण ओळखतच नाही. विमान कललेलं असतं आणि तुम्हाला शपथेवर वाटतं सरळ आहे. कॉकपिटमधल्या घड्याळांवर विश्वास ठेवून उडायला वेगळी सवय लागते आणि डोळ्यांनी उडणाऱ्याची ती सवय त्या क्षणी जागी असेलच असं नाही.

---

उनाड_पोस्टमन

माळशेज आठवला. जुलैमध्ये एकदा जुन्नरहून कल्याणला येताना असलं धुकं की बॉनेटपण दिसेना. पुढे एक एसटी होती, तिचा लाल दिवा धरून चाललो होतो. बायको म्हणाली थांबू या, मी म्हटलं एसटीवाला चाललाय ना, त्याला रोजचा रस्ता आहे. बोगद्याच्या अलीकडे तो एसटीवालाच थांबला, खाली उतरला आणि मला म्हणाला, "काय दिसंना राव, तुमीच व्हा पुढं." म्हणजे तो माझ्या हेडलाइटच्या भरवशावर चालला होता! तिथेच दोघांनी गाड्या लावल्या, कणीस खाल्लं, तासाभराने निघालो.

---

वाटसरू७२

@उनाड_पोस्टमन हसून मेलो. पण फरक तोच आहे ना, तुम्हाला थांबता आलं. विमानाला कणीस खायला थांबता येत नाही.

आणि पुढचा पोचला म्हणून मीही जातो हे तिकडे फार चालत असावं. दरीतला ढग दहा मिनिटांत जागा बदलतो. पहिल्याला मिळालेली फट दुसऱ्याला मिळेलच असं नाही.

अजून एक, तिथलं वाऱ्याचं गणित लोकांना माहीत नसतं. जोमसोमला सकाळी दहा-अकरानंतर जो वारा सुटतो तो म्हणजे अक्षरशः उभं राहू देत नाही. वर मुस्तांगचं कोरडं पठार तापलं की हवा वर जाते आणि खालची हवा त्या चिंचोळ्या दरीतून वर ओढली जाते, रोज, घड्याळ लावल्यासारखी. २०१९ ला मी दुपारी नदीच्या पात्रात शाळिग्राम शोधायला उतरलो होतो, टोपी गेली ती गेलीच, आणि बारीक रेती तोंडावर अशी बसते की दातात कचकचते. त्यामुळे विमानं सकाळीच. पहाटे ढगामुळे अडलं आणि उन्हाने वारा सुटायच्या आत पोचायचं, म्हणजे उडायला मिळते ती दोन-तीन तासांची खिडकी. पहिले दोन तास वाया गेले की उरलेल्या तासात सगळ्यांना घाई.

---

चिंटू_चिंचपोकळी

सगळं ठीके पण शेवटी नशीब असतं. ज्याची वेळ आली तो घरात बसूनपण जातो. आमच्या चाळीतले एक जण बाथरूममध्ये घसरून गेले.

---

कोपऱ्यातलं_टेबल

मग हेल्मेट कशाला घालता चिंटूशेठ? घरी ठेवा.

---

चिंटू_चिंचपोकळी

तुम्ही पर्सनल होताय. मी एवढंच म्हणतोय की माणसाच्या हातात सगळं नसतं.

---

रिटायर्ड_सार्जंट

भांडू नका. हातात सगळं नसतं हे मान्य. पण जे हातात होतं त्याची यादी चौकशी अहवालात छापलेली असते ना, ते नशिबाच्या खात्यात घालणं मला पटत नाही. ३ जून २०१९ ला आमचं एएन-३२ मालवाहू विमान जोरहाटहून मेचुकाला जाताना अरुणाचलच्या डोंगरात गेलं, १३ जण. आठ दिवस शोधत होतो. मी तोवर निवृत्त झालो होतो, तरी घरी बसून रोज जुन्या पोरांना फोन करत होतो. त्या डोंगरात हेलिकॉप्टर दिसतं तिथे उतरत नाही आणि उतरतं तिथे काही दिसत नाही.

२०२२ ला पण पहिल्या दिवशी हेलिकॉप्टरं ढगांमुळे परत फिरली. कॅप्टनचा मोबाइल वाजत होता, त्याच्या लोकेशनवरून शोध चालला होता असं तेव्हा बातम्यांत होतं. विचार करा, विमान गेलंय आणि फोन वाजतोय.

---

मोगरा_फुलला

हे वाचून अंगावर काटा आला. मला आठवतंय तेव्हा टीव्हीवाले त्या ठाण्याच्या घरासमोर उभे होते. त्या कुटुंबाबद्दल मी असंही ऐकलं होतं की

[प्रतिसादाचा पुढचा भाग संपादित]

---

संपादक मंडळ

गेलेल्या माणसांच्या खासगी आयुष्याबद्दल इथे काही लिहू नये ही विनंती. धागा चांगला चाललाय, तसाच राहू दे.

---

मोगरा_फुलला

सॉरी. बरोबर आहे तुमचं.

---

डोंगरभटक्या

थोडं अवांतर, पण ढगातला डोंगर आपल्याकडेही आहे. ७ जुलै १९६२, अलिटालियाचं डीसी-८, छोटं नव्हे चांगलं मोठं जेट, बँकॉकहून मुंबईला येत होतं. रात्र, जुलैचा पाऊस, आपण मुंबईच्या जवळ आलोय असं समजून खाली यायला लागले आणि जुन्नरकडच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले. ९४ जण गेले. मी शाळेत असल्यापासून त्या भागात फिरतोय, पण हे मला चाळिशीत कळलं. सह्याद्री म्हणजे काय हिमालय नव्हे, तरी रात्री ढगात तोही पुरतो.

---

देवगड_हापूस

आणि राजशेखर रेड्डींचं हेलिकॉप्टर, २००९, नल्लमल्लाच्या जंगलात. अरुणाचलचे दोर्जी खांडू, २०११. दोघेही मुख्यमंत्री. साहेबांना कार्यक्रमाला पोचायचंय म्हटल्यावर हवामान खराब आहे हे कोण सांगणार?

---

झेंडूबाम

तेच तर. तिकडे साहेब, इकडे ब्यांक मॅनेजर.

---

सासर_यवतमाळ

केदारनाथचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १५ जून २०२५, पहाटे, गौरीकुंडच्या जवळ हेलिकॉप्टर पडलं, सात जण, त्यात आमच्या जिल्ह्यातल्या वणीचे आईवडील आणि दोन वर्षांची मुलगी. तेव्हाही हवा खराब होती, दरीत काही दिसत नव्हतं असंच सांगत होते. त्यानंतर आमच्याकडे कोणी हेलिकॉप्टरचं नाव काढलं की सासूबाई उठून आत जातात. माझं मत विचाराल तर आईंना जीपने न्या. गुडघ्यांना उशी बांधता येते.

---

कोपऱ्यातलं_टेबल

+१

---

पाटील_काठमांडू

मी नोकरीनिमित्त चार वर्षं काठमांडूत आहे, कोल्हापूरचा. इथे सगळे जीप जीप करताहेत म्हणून दुसरी बाजू सांगतो. वाटेत लागणाऱ्या बेनीच्या पुढचा रस्ता म्हणजे काय चीज आहे ते बघितलंय का कोणी पावसाळ्यात? एकीकडे कालीगंडकी फेसाळत असते, दुसरीकडून दगड येतात, आणि ड्रायव्हर एका हाताने मोबाइलवर गाणं बदलतो. आमच्या हापिसातले नेपाळी लोक जून ते सप्टेंबर तो रस्ता टाळतात. दरड पडली की दोन्हीकडे गाड्यांची रांग, रात्र गाडीतच. विमान पडलं की जगभर बातमी होते, जीप नदीत गेली तर आतल्या पानावर चार ओळी. तेव्हा जीप म्हणजे सेफ असं समजून डोळे मिटू नका.

दुसरं, २०२२ नंतर इथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने नियम कडक केला. आधी उडायच्या आणि उतरायच्या ठिकाणची हवा चांगली असली की भागायचं, आता मधल्या आख्ख्या वाटेवरचीही चांगली पाहिजे, नाहीतर उडायची परवानगी नाही. कागदावर तरी असं आहे. त्यामुळे फ्लाइटा रद्द होण्याचं प्रमाण वाढलं म्हणून लोक बोंबलतात, पण मी म्हणतो होऊ देत की रद्द.

---

वाटसरू७२

पाटीलसाहेब, रस्त्याचं १०० टक्के मान्य. मी २०१९ ला गेलो तेव्हा ऑक्टोबर अखेर होती, कोरडं होतं, तरी दाणाच्या पुढे रुप्से धबधब्यापाशी एका वळणावर मी पण सहस्रनाम सुरू केलं होतं. पाठ नव्हतं, "विश्वं विष्णुर्वषट्कारो" एवढंच येत होतं, तेच परत परत.

---

गवतीचहा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट मला कोणीच सांगितलं नव्हतं, एजंट तर नाहीच नाही. मी त्याला फोन करून विचारलं की फ्लाइट रद्द झाली तर काय? तो म्हणाला, "रद्द नाही होत मॅडम, थोडं लेट होतं, मी तिकडे बोलून घेतो, पाठवतोच तुम्हाला." त्याला वाटलं मला धीर देतोय. "बोलून घेतो" ऐकलं आणि माझं उलट ठरलंच.

पण एक विचारते, २०१२ ला पण जोमसोमला विमान पडलं होतं ना? ती रसनाच्या जाहिरातीतली मुलगी त्यात होती.

---

रिटायर्ड_सार्जंट

हो, १४ मे २०१२. डॉर्नियर, २१ जण, १५ गेले, बहुतेक मुक्तिनाथला निघालेले भारतीय भाविक. तरुणी सचदेव आणि तिची आई त्यातच होत्या. पण तो प्रकार वेगळा, ते ढगात शिरून नाही गेलं. उतरता उतरता रद्द करून परत वळताना विमानतळाजवळच्या डोंगराला लागलं. जोमसोमची धावपट्टी साडेसातशे मीटरपेक्षा कमी आहे आणि चहूकडे डोंगर, तिथे दुसऱ्यांदा प्रयत्न करायलाही जागा कमी पडते.

ताई, मला विचाराल तर विमान की जीप हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. हातात किती दिवस आहेत ते सांगा. ज्याच्याकडे परतीचं रिझर्वेशन परवाचं आहे तो माणूस काउंटरवर भांडतो. ज्याच्याकडे दोन दिवस जास्तीचे आहेत तो फेवा तलावात नाव वल्हवत बसतो. काउंटरवर भांडणारे वीस जण जमले की त्याचं वजन कुठेतरी कॉकपिटपर्यंत पोचतंच, कोणी काही म्हणो. पायलटपण माणूसच आहे, खाली परत येऊन त्याच चेहऱ्यांना तोंड द्यायचं असतं त्याला.

---

पाटील_काठमांडू

याला जोरदार अनुमोदन. मी पाहुण्यांना असं सांगतो: ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरमध्ये या, पाऊस संपलेला असतो, आकाश बहुतेक मोकळं असतं. जाताना जीप, मधे तातोपानीला एक रात्र, गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघ्यांना बरं. हळूहळू चढल्याने उंचीचा त्रासही कमी होतो. मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर आहे, एकदम वर गेलं की डोकं धरतं, वयस्कर माणसाला जास्तच. येताना हवा स्वच्छ असेल तर सकाळचं पहिलं विमान, नसेल तर जीपवाल्याला फोन. पैसे बुडाले तर बुडाले.

---

चिंटू_चिंचपोकळी

हे आवडलं. म्हणजे नशिबाला दोन दिवस जास्तीचे द्यायचे.

---

कोपऱ्यातलं_टेबल

चिंटूशेठ, पहिल्यांदाच सहमत.

---

उनाड_पोस्टमन

धागा वाचनखूण साठवला. शाळिग्राम सापडला का हो वाटसरू?

---

वाटसरू७२

टोपीच्या मागे धावताना पायाखाली होता. फोडलेला नव्हता, त्यामुळे आत चक्र आहे की नाही माहीत नाही. बायको म्हणते नुसता काळा दगड आहे. परत नदीत ठेवून आलो.

---

गवतीचहा

अपडेट द्यायला आलेय.

काल रात्री हा आख्खा धागा आईला वाचून दाखवला. (पट्ट्याचं बक्कल ऐकून भाऊ एकदम गप्प झाला, कारण त्याच्या गाडीत तेच आहे.) आईने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "त्या विमानात ती गोळ्या वाटणारी मुलगी असेल ना गं? ती तर रोजच जात असेल." मला काही बोलता आलं नाही. तीन कर्मचारी म्हणजे त्यात तीपण आलीच.

तर ठरलंय: नोव्हेंबरचा पहिला आठवडा, जाताना जीप, तातोपानीला मुक्काम, येतानाचं विमान बुक करायचंच नाही असं आई म्हणते, मी म्हणते हवा बघून ठरवू, भाऊ म्हणतो तुम्ही दोघी ठरवा मी पैसे देतो. परतीचं गोरखपूरचं रिझर्वेशन तीन दिवस पुढे ढकललंय. त्या एजंटला नाही सांगितलं.

आता आईचा खरा प्रश्न, जो ती तुम्हा कोणाला विचारू देत नव्हती: बेनी ते जोमसोम बायकांसाठी बऱ्यापैकी संडास असलेली हॉटेलं कुठे कुठे आहेत?

---

पाटील_काठमांडू

तातोपानीला व्यवस्थित, घासाला जेवायला थांबतात तिथे चालण्यासारखे, मार्फाला छान. मधे कुठेही ड्रायव्हरला "रोक्नुस् न दाइ" म्हणा, थांबतो. आणि मार्फाची सफरचंदं घ्या, वाळवलेलीपण मिळतात.

---

झेंडूबाम

मार्फाची ब्रँडीपण मिळते. पण देवाच्या दारी जाताय.